त्वचेच्या लिंफोमाला विषाणू कारणीभूत आहे काय?

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात एका सहशिक्षकाने दिलेले भाषण)



दरवर्षी या मेळाव्यात शिक्षणाचे महत्त्व, शिस्त, परीक्षेची तयारी अशा विषयांवर भाषणे होतात, आणि ती झालीच पाहिजेत. यंदा मात्र संस्थेच्या चालकांनी मला आरोग्याचा विषय घ्यावयास सांगितले. मी बी.ए., बी.एड. झालेला शिक्षक आहे, डॉक्टर नव्हे. कोणाला औषध सुचवण्याचा मला अधिकार नाही. परंतु जे कळण्यासारखे आहे ते नीट वाचावे, समजून घ्यावे आणि दुसऱ्याला उमजेल अशा भाषेत सांगावे, हे तर शिक्षकाचेच काम आहे. तेवढ्याच अधिकाराने मी आपल्यासमोर उभा आहे.

आजचा विषय ऐकून काहींना वाटेल की, इतका दुर्मीळ आजार कशासाठी निवडला? त्याला कारण आहे. ‘कॅन्सर विषाणूमुळे होतो’ असे वाक्य अलीकडे पुष्कळांच्या कानांवर पडते. हे अर्धे वाक्य ऐकून अख्खे घर घाबरते. विषाणू म्हणजे साथ, साथ म्हणजे स्पर्श, आणि स्पर्श म्हणजे रुग्णाचे ताट-वाटी वेगळे, अंथरूण वेगळे, अशी आपल्या मनात एक साखळी तयार असते. त्यातून आजार जर त्वचेचा असेल, अंगावर दिसणारा असेल, तर विचारायलाच नको. म्हणून आज आपण या साखळीची एकेक कडी तपासून पाहू.

प्रथम हा आजार काय आहे ते पाहू. आपल्या रक्तात आणि लसिकाग्रंथींमध्ये पांढऱ्या पेशींचा एक वर्ग असतो. त्यांना लसिकापेशी म्हणतात. शरीरात शिरलेल्या जंतूंना ओळखणे आणि त्यांचा समाचार घेणे हे त्यांचे काम. गावात रात्री जागल्या फिरतो, तसा हा शरीराचा जागल्या. यांतील ‘टी’ नावाच्या काही पेशी त्वचेत पहारा देतात. कधी कधी अशी एखादी पेशी बिघडते, कोणाचेही ऐकेनाशी होते आणि आपल्यासारख्याच पेशी वाढवीत सुटते. लसिकापेशींच्या या कर्करोगाला लिंफोमा म्हणतात. तो त्वचेत सुरू झाला, तर त्वचेचा लिंफोमा.

त्याचा सर्वांत नेहमीचा प्रकार मायकोसिस फंगॉइडिस या नावाने ओळखला जातो. फ्रान्समधील अलिबेर या डॉक्टरांनी १८०६ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. रुग्णाच्या अंगावरील गाठी अळंबीसारख्या दिसत होत्या, म्हणून पुढे हे नाव पडले. प्रत्यक्षात या आजाराचा बुरशीशी काही संबंध नाही. दोनशे वर्षे झाली, नाव तसेच राहिले. आजाराचे नाव आणि आजाराचे कारण या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे विद्यार्थ्यांनी येथेच लक्षात ठेवावे.

हा आजार फार थोड्यांना होतो. अमेरिकेतील नोंदी पाहिल्या तर दहा लाख लोकांमागे वर्षाला सुमारे दहाच्या आसपास रुग्ण आढळतात. तो बहुधा पन्नाशीनंतर दिसतो आणि हळूहळू, वर्षानुवर्षे वाढतो. सुरुवातीला कमरेखाली, मांडीवर, एकूण कपड्याने झाकलेल्या भागावर खवलेदार चट्टे येतात. ते गजकर्णासारखे किंवा इसबासारखे दिसतात. आपल्यासारख्या सावळ्या वर्णाच्या लोकांत एक निराळा प्रकार आढळतो. त्यात चट्टे लाल न दिसता फिकट, पांढुरके दिसतात, आणि हा प्रकार तरुणांत, क्वचित मुलांतही सापडतो. आजार लवकर ओळखला गेला तर बहुतेक रुग्ण जवळजवळ सर्वसामान्य आयुष्य जगतात.

आता विषाणू म्हणजे काय? खानदेशच्या माणसाला विषाणू समजावून सांगण्यासाठी सूक्ष्मदर्शकाची गरज नाही. केळीची बाग पुरेशी आहे. रावेर-यावलच्या शेतकऱ्याने ‘सीएमव्ही’ हे नाव ऐकलेले असते. पानावर पिवळसर पट्टे येतात, पान आखडते, झाड खुंटते आणि बाग उपटून टाकण्याची पाळी येते. हा कुकुंबर मोझॅक नावाचा विषाणू. तो काकडीवर्गीय पिकांवर आणि तणांवर राहतो आणि मावा ही बारीकशी कीड त्याला केळीवर आणून सोडते. बाग शेजारी असली म्हणून तो आपोआप उडी मारत नाही, त्याला वाहन लागते. आणि बागेत रोज वावरणाऱ्या माणसाला तो काहीही करीत नाही. म्हणजे प्रत्येक विषाणूचे घर ठरलेले असते, वाट ठरलेली असते. ‘विषाणू’ एवढा एक शब्द ऐकून घाबरण्याऐवजी, कोणता विषाणू, तो कोठे राहतो आणि कोणत्या वाटेने येतो, हे तीन प्रश्न विचारावेत.

विषाणू स्वतः जिवंत पेशीसारखा खात-पीत नाही. तो पेशीत शिरतो आणि तिच्या यंत्रणेकडून स्वतःच्या प्रती काढून घेतो. काही विषाणू पेशीला मारून बाहेर पडतात. काही मात्र आत मुक्काम ठोकतात. अशा मुक्कामात पेशीच्या वाढीवरील लगाम कधी सैल होतो, आणि तेथे कर्करोगाची शक्यता निर्माण होते.

ही शक्यता प्रथम दिसली ती कोंबडीत. १९११ मध्ये अमेरिकेतील पेटन राउस यांनी कोंबडीच्या गाठीतील पेशी गाळून काढल्या आणि उरलेला द्रव दुसऱ्या कोंबडीला टोचला. तिलाही गाठ आली. पेशी तर गाळून टाकल्या होत्या, म्हणजे गाठ आणणारी वस्तू पेशीहून लहान होती. पुष्कळांना हे पटले नाही. राउस यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९६६ मध्ये, पंचावन्न वर्षांनी. पुढे १९३६ मध्ये जॉन बिटनर यांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की, काही जातींच्या उंदरांत स्तनाचा कर्करोग आईच्या दुधातून पिलांत उतरतो. दुधातील ती वस्तूही विषाणूच ठरली.

येथे आपल्या महाराष्ट्राच्या एका कन्येचे नाव मी अभिमानाने घेतो. डॉ. कमल रणदिवे, माहेरच्या कमल समर्थ, यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. शिक्षण हुजूरपागेत आणि फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. वडील स्वतः जीवशास्त्राचे प्राध्यापक होते. लग्नानंतर त्या मुंबईस आल्या आणि टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली काम करू लागल्या. १९४९ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. पुढे अमेरिकेत जाऊन पेशी शरीराबाहेर काचेच्या भांड्यात वाढवण्याचे तंत्र त्या शिकल्या आणि मुंबईस परतून त्यांनी भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात तशी प्रयोगशाळा उभी केली. उंदरांतील स्तनाच्या कर्करोगावर काम करताना त्यांनी दाखवले की, एकटा विषाणू सर्व काही करीत नाही. शरीरातील संप्रेरके, आनुवंशिक ठेवण आणि विषाणू यांचा एकत्र विचार करावा लागतो. १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना स्थापन करण्यात त्यांनी पुढाकार घेतला, आणि १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. आपल्या मुलींना मी सांगेन की, हे नाव वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मुलीला विज्ञान शाखेत घालावे की नाही, असा विचार करणाऱ्या पालकांनीही ते ध्यानात ठेवावे.

आता आपण मूळ विषयाकडे येऊ. जपानमध्ये ताकात्सुकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये प्रौढांत होणाऱ्या टी पेशींच्या एका कर्करोगाचे वर्णन केले. त्यातील पुष्कळ रुग्ण देशाच्या नैर्ऋत्य भागातील, विशेषतः क्यूशू बेटावरचे होते. एकाच मुलखातले इतके रुग्ण का, हा प्रश्न निर्माण झाला. त्याच सुमारास अमेरिकेत रॉबर्ट गॅलो यांच्या प्रयोगशाळेने टी पेशी भांड्यात दीर्घकाळ वाढवण्याची युक्ती शोधली होती. त्यांनी एका रुग्णाच्या पेशी वाढवल्या. त्या रुग्णाचे निदान ‘त्वचेचा टी पेशी लिंफोमा’ असे झालेले होते. त्या पेशींत एक नवा विषाणू सापडला. १९८० मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. माणसात कर्करोगाशी जोडला गेलेला हा त्या कुळातील पहिला विषाणू. त्याला आज एचटीएलव्ही-१ म्हणतात. १९८१ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनाही आपल्या रुग्णांत विषाणू सापडला आणि तो हाच असल्याचे पुढे स्पष्ट झाले.

त्या काळी अनेकांना वाटले की, त्वचेच्या लिंफोमाचे कोडे सुटले. पण विज्ञानात कोडे इतक्या सहज सुटत नाही. पुढील तपासात ध्यानात आले की, ज्या रुग्णांत हा विषाणू निश्चितपणे सापडतो त्यांचा आजार जपानमधील त्या आजारासारखाच आहे. तो त्वचेवर दिसतो खरा, पण मायकोसिस फंगॉइडिसहून तो वेगळा आहे. दोन आजार एकाच वेषात आले होते, एवढेच.

एचटीएलव्ही-१ ची वाटही आता माहीत झाली आहे. तो आईच्या दुधातून बाळाला, शरीरसंबंधातून आणि दूषित रक्तातून जातो. हस्तांदोलन, एका ताटात जेवणे, एका सफेत नमाजासाठी उभे राहणे यांतून तो जात नाही. ज्यांना बालपणी लागण होते अशा शंभरांपैकी साधारण पाच जणांनाच पुढे आयुष्यात तो कर्करोग होतो, आणि तोही बहुधा तीस-चाळीस वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लोटल्यानंतर. उरलेल्या बहुतेकांना आपल्या अंगात काही आहे याचा पत्ताही लागत नाही. जपानमधील नागासाकी प्रांताने १९८७ पासून गरोदर स्त्रियांची तपासणी सुरू केली आणि लागण असलेल्या मातांना बाळाच्या दुधाबाबत सल्ला देण्याची व्यवस्था केली. त्यामुळे पुढच्या पिढीतील लागण पुष्कळ घटली. कारण नक्की कळले की उपाय कसा सापडतो, त्याचे हे उदाहरण. भारतात मात्र हा विषाणू क्वचितच आढळतो, म्हणून येथील मातांनी या भीतीने बाळाचे दूध तोडू नये.

मग मायकोसिस फंगॉइडिसचे काय? तेथेही कोणी विषाणू लपला आहे काय, याचा शोध गेली चार दशके चालू आहे. संशयाला आधार नव्हता असे नाही. एकाच घरातील दोघांना, क्वचित पतिपत्नींनाही, हा आजार झाल्याच्या मोजक्या नोंदी आहेत. कॅनडात आणि अमेरिकेच्या टेक्सास राज्यात काही ठराविक भागांत रुग्ण अधिक असल्याचे संशोधकांनी दाखवले आहे. १९९० च्या दशकात काही प्रयोगशाळांनी रुग्णांच्या पेशींत एचटीएलव्ही-१ चे तुकडे सापडल्याचे म्हटले. पण दुसऱ्या प्रयोगशाळांनी तसेच प्रयोग केले तेव्हा बहुतेकांच्या हाती काही लागले नाही.

दुसरा संशयित एप्स्टाइन-बार विषाणू. आफ्रिकेतील मुलांच्या जबड्यात होणाऱ्या बर्किट लिंफोमात तो १९६४ मध्ये सापडला. नाकाजवळून सुरू होणाऱ्या आणि कधी त्वचेतही पसरणाऱ्या लिंफोमाच्या एका प्रकारात त्याचा हात आहे, हे मान्य झालेले आहे. साहजिकच मायकोसिस फंगॉइडिसमध्येही त्याचा शोध घेतला गेला. काही रुग्णांत तो मिळाला, काहींत नाही. पण गंमत अशी की, जगातील दहापैकी नऊहून अधिक प्रौढांच्या अंगात हा विषाणू मुक्कामाला असतोच. मग रुग्णाच्या अंगात तो सापडला म्हणून काय सिद्ध झाले? कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, असेच ते असू शकते.

आपल्या शेतातील लाल्याचे उदाहरण घ्या. कपाशीची पाने लाल पडतात. शेजारच्या शेतातही पडतात. पाहणाऱ्याला वाटते, काहीतरी रोग पसरत चालला आहे. वास्तविक लाल्याचे कारण बहुधा मॅग्नेशियम आणि नत्र यांची कमतरता, रस शोषणाऱ्या किडी, रात्रीची थंडी यांत असते. एका भागात अनेक रुग्ण असले म्हणजे ती साथच असते असे नव्हे. माती एक, पाणी एक, हवा एक, हेही कारण असू शकते.

तेव्हा खरे कारण ओळखायचे कसे? यासाठी तुलना लागते. विद्यार्थी मित्रांनो, ही तुलनेची रीत आपल्याला परकी नाही. अबू बक्र अल्-राझी हे सुमारे अकराशे वर्षांपूर्वीचे इराणातील थोर हकीम. देवी आणि गोवर हे वरवर सारखे दिसणारे आजार वेगळे कसे ओळखावेत, यावर त्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. मेंदूच्या आवरणाच्या सुजेसारखी लक्षणे असलेल्या रुग्णांच्या एका गटाचे त्यांनी रक्त काढले आणि दुसऱ्या गटाचे मुद्दाम काढले नाही, अशी नोंद त्यांच्या लेखनात आहे. कशाने काय झाले हे दोन्ही गट शेजारी ठेवल्याशिवाय समजत नाही, हे त्यांनी जाणले होते. आजही संशोधक तेच करतात. विषाणू रुग्णांत आहे काय, निरोगी माणसांत नाही काय, तो बिघडलेल्या पेशीच्या आतच आहे काय, आणि तो काढला किंवा रोखला तर आजार थांबतो काय, असे प्रश्न विचारले जातात. एचटीएलव्ही-१ या परीक्षेत आपल्या आजारापुरता उत्तीर्ण झाला. मायकोसिस फंगॉइडिसमध्ये आजवर कोणताही विषाणू उत्तीर्ण झालेला नाही. गेल्या दहा-पंधरा वर्षांत रुग्णांच्या पेशींतील जनुकांचे सविस्तर वाचन झाले. जनुकांतील अनेक बिघाड सापडले. एखादा विषाणू सर्वांत सातत्याने सापडला, असे झाले नाही.

दरम्यान तपासाला एक निराळी दिशा मिळाली आहे. या रुग्णांच्या त्वचेवर स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू पुष्कळदा वस्ती करतो. त्याचे विष टी पेशींना सारखे डिवचत राहते आणि बिघडलेल्या पेशींना त्याने बळ मिळते, असे डेन्मार्कमधील संशोधकांना दिसले. २०१९ मध्ये त्यांनी आजार वाढलेल्या आठ रुग्णांना प्रतिजैविके दिली. त्यांतील काहींची त्वचा काही काळ पुष्कळ सुधारली. आठ रुग्ण म्हणजे फार लहान संख्या, आणि जिवाणू हे आजाराचे मूळ कारण आहे असेही यातून ठरत नाही. परंतु आग लावणारा एक आणि आगीत तेल ओतणारा दुसरा, असे असू शकते हे यातून कळते. डॉ. रणदिवे यांनी उंदरांच्या बाबतीत जे सांगितले, की अनेक कारणे मिळून काम करतात, त्याचीच येथे आठवण होते.

आता मी निष्कर्ष सांगतो. एक, त्वचेवर दिसणाऱ्या लिंफोमांपैकी काही थोडे प्रकार विषाणूशी निश्चित जोडलेले आहेत. दोन, सर्वांत नेहमीच्या प्रकारात विषाणूचा हात सिद्ध झालेला नाही. तीन, आणि हेच घरी जाऊन सांगायचे, त्वचेचा लिंफोमा रुग्णाला शिवल्याने, त्याचे कपडे धुतल्याने, त्याच्याबरोबर जेवल्याने होत नाही. ज्या प्रकारांत विषाणू आहे तेथेही विषाणूची लागण होणे आणि कर्करोग होणे या दोहोंमध्ये फार मोठे अंतर असते.

पालकहो, हे अंतर न समजल्यामुळे माणसांचे काय हाल होतात, ते आपण कुष्ठरोगाच्या बाबतीत पाहिलेले आहे. नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ मध्ये त्याचा जिवाणू शोधला. तोपर्यंत तो रोग वंशपरंपरेने येतो असे पुष्कळ डॉक्टरही मानीत. आज तो औषधांनी पूर्ण बरा होतो आणि ही औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. तरीही कुष्ठरोग हे आपल्या कायद्यात घटस्फोटाचे एक कारण म्हणून कित्येक वर्षे टिकून होते. १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यातही ते होते. २०१९ मध्ये संसदेने ते पाच कायद्यांतून काढून टाकले. औषध येऊन दशके उलटली तरी कायद्याला एवढा वेळ लागला. मग समाजाच्या मनाला किती लागत असेल? कागदावरून ते कलम गेले. आपल्या घरातून ते गेले आहे काय, हे ज्याचे त्याने पाहावे.

अंगावर डाग असलेल्या मुलीचे स्थळ मोडते. म्हणून घरचे लोक डाग लपवतात. लपवल्यामुळे उपचार लांबतो आणि उपचार लांबल्यामुळे साधा आजारही अवघड होतो. वर्गात एखाद्या मुलाच्या गालावर पांढुरका डाग दिसला की बाकीची मुले सरकून बसतात, आणि ही शिकवण मुलांना शाळेत मिळालेली नसते. मुलांच्या गालावरचे असे डाग बहुतेक वेळा अगदी साधे असतात. कोड हाही संसर्गजन्य नाही. पण काय आहे आणि काय नाही, हे ठरवण्याचे काम शेजारणीचे नाही, डॉक्टरांचे आहे.

म्हणून काही गोष्टी कळकळीने सांगतो. जो चट्टा काही महिने झाले तरी जात नाही, जो औषधाने दबतो आणि पुन्हा येतो, जो हळूहळू वाढतो किंवा ज्याची बधिरता जाणवते, तो त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. जळगाव आणि धुळे या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. धुळ्याचे भाऊसाहेब हिरे महाविद्यालय जुने आहे, जळगावचे २०१८ मध्ये सुरू झाले. मोठ्या तपासणीसाठी मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून उभे आहे. कर्करोगावरील अनेक उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात. त्याची चौकशी रुग्णालयातच करावी.

दुसरे, दुकानातून मनानेच ट्यूब आणू नका. गजकर्णासाठी म्हणून जी मिश्र मलमे सर्रास विकली जातात, त्यांतील पुष्कळांत स्टेरॉइड असते. चार दिवस खाज थांबते, मग त्वचा पातळ होते आणि खऱ्या आजाराचे रूपही बदलून जाते. पुढे डॉक्टरांनाही तो ओळखणे कठीण होते. स्टेरॉइडची अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम सरकारने २०१८ मध्ये केला आहे. डॉक्टरांनी दिलेले तेच मलम औषध असते, आपण मनाने लावलेले मात्र घात करते.

तिसरे, डॉक्टरांनी त्वचेचा लहानसा तुकडा तपासायला सांगितला तर नाही म्हणू नका. ‘सुरी लागली की कॅन्सर पसरतो’ हा समज पुष्कळ घरांत आहे. त्याला आधार नाही. त्वचेच्या लिंफोमाचे निदान त्या तुकड्यावाचून होत नाही, आणि कधी कधी हा तपास दोन-तीनदा करावा लागतो. पहिल्या वेळी काही निघाले नाही म्हणून डॉक्टर अडाणी ठरत नाहीत. हा आजारच वेष पालटून राहणारा आहे.

चौथे आपल्या माता-भगिनींसाठी. हे चट्टे झाकलेल्या भागावर येतात, हे मी सांगितलेच. संकोचामुळे कित्येक स्त्रिया ते कोणालाच दाखवत नाहीत. स्त्री डॉक्टरांकडून तपासणी व्हावी अशी विनंती करता येते आणि ती करण्यात गैर काही नाही. मर्यादा पाळूनही उपचार घेता येतो. दुआ जरूर करावी, पण दुआ करणाऱ्या हातांनी दवाही घ्यावी.

आणि शेवटचा मुद्दा लसीचा. २०१८ सालच्या आकड्यांवर आधारलेल्या एका जागतिक अभ्यासाप्रमाणे सुमारे १३ टक्के कर्करोगांच्या मुळाशी कोणता ना कोणता संसर्ग असतो. ज्या विषाणूंचा गुन्हा पूर्णपणे सिद्ध झाला आहे, त्यांतील दोघांवर आपल्याकडे लस आहे. हिपॅटायटिस बी हा विषाणू यकृताचा कर्करोग घडवतो. त्याची लस २०११ पासून देशभरातील सरकारी लसीकरणात आहे आणि तिची पहिली मात्रा बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत मिळायला हवी. दुसरा एचपीव्ही. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग जवळजवळ सर्व वेळा त्याच्यामुळे होतो. हे दाखवून देणाऱ्या हाराल्ड झुर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. या विषाणूवर पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या सर्व्हाव्हॅक लसीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. मुलींसाठी ९ ते १४ वर्षे हे वय त्यासाठी उत्तम मानले जाते. लसीविषयी कोणी काही अफवा सांगितली तर ती पुढे पाठवण्याआधी डॉक्टरांना विचारा. अफवेलाही केळीच्या विषाणूसारखे वाहन लागते. ते वाहन आपण होऊ नये.

विद्यार्थी मित्रांनो, त्वचेच्या लिंफोमाचे मूळ अजून पुरते उलगडलेले नाही. म्हणजे तेथे काम शिल्लक आहे. पुण्याच्या एका शाळेतली मुलगी हुजूरपागेतून निघून कर्करोगाच्या विषाणूपर्यंत पोहोचली. रावेर, चोपडा, शिरपूर किंवा साक्रीच्या शाळेतील मुलगा-मुलगी का पोहोचणार नाही? इल्म मिळवणे ही आपल्याकडे इबादत मानली आहे. ती वर्गात, प्रयोगशाळेत आणि वाचनालयातही करता येते.

आणि पालकहो, आपल्याकडून मला आज एकच गोष्ट हवी आहे. आपल्या मोहल्ल्यात अंगावर डाग असलेला, कॅन्सर झालेला कोणी असेल, तर या आठवड्यात त्याच्या घरी जा. त्याच्या शेजारी बसा. त्याच्या घरचा चहा प्या. तो चहा पिऊन आपल्याला काहीही होणार नाही, हे आता आपल्याला माहीत आहे.